सागवानी जमिनीवर वॉटर-बेस्ड फिनिश: नागपूरच्या हवेत कसं लावायचं

लाकडी जमिनीवर वॉटर-बेस्ड फिनिश लावायचं असेल तर नागपुरात आधी तारीख ठरवा, डबा नंतर आणा. तुळशीचं लग्न झालं की सुरू करा आणि महाशिवरात्रीच्या आत संपवा. एवढं पाळलंत तर पुढे लिहिलेल्या अर्ध्याअधिक कटकटी तुमच्या वाट्याला येणारच नाहीत. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक जमिनी एक तर मे महिन्यात केलेल्या असतात, नाही तर नवरात्राच्या घाईत. माल चांगला असतो, पॉलिशवालाही बरा असतो. हवा चुकलेली असते.

मी हे काम सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ इथल्या जुन्या बंगल्यांत आणि महाल भागातल्या वाड्यांच्या माड्यांवर करते. लाकूड बहुतेक ठिकाणी सागवान, आपल्या बल्लारशा-आलापल्लीकडचं. हल्ली नव्या फ्लॅटमध्ये ओकच्या किंवा वरून पातळ थर चिकटवलेल्या इंजिनिअर्ड फळ्या दिसतात. त्यांनाही हेच नियम लागू आहेत, फक्त घासताना वरचा थर किती जाड आहे ते आधी बघा. दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर मोठी मशीन फिरवू नका.

हवेचं गणित

वॉटर-बेस्ड फिनिशमध्ये पॉलियुरेथेनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना टेकतात, आणि सोबत असलेल्या हळू उडणाऱ्या सॉल्व्हंटच्या मदतीने वितळून त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग सॉल्व्हंट. आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा पाणी इतक्या झपाट्याने उडतं की रोलरचा दुसरा पट्टा येईपर्यंत पहिल्याची कड सुकलेली असते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे, तेव्हा उलटं होतं: पाणी हलतच नाही, सॉल्व्हंट आधी निघून जातं आणि पापुद्रा दुधाळ, कच्चा राहतो. थंडीचंही एक टोक आहे. बारा-तेरा अंशांच्या खाली कण नीट वितळत नाहीत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला हात मारायला घेऊ नये. दहानंतर खोली तापली की सुरू करा आणि शेवटचा कोट दुपारी तीनच्या आत संपवा. सगळ्यात सोपं म्हणजे खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगून ठेवा. २० ते २७ अंश आणि ४० ते ६० टक्के दिसले की निश्चिंत मनाने डबा उघडा.

आता कूलर. उन्हाळ्यात काम करावंच लागलं तर घरातलं माणूस दयेपोटी कूलर लावून देतं. "तुम्ही घामाघूम होऊन राहिल्या ताई, लावून देते ना." कूलर म्हणजे ओली हवा, पाण्याचे तुषार आणि गवताच्या पॅडची धूळ, तिन्ही एकदम. ओल्या फिनिशवर यापेक्षा वाईट काही सोडता येणार नाही. एसी चालेल, पण त्याचा झोत जमिनीवर नको.

हवेचा दुसरा मार लाकडावर बसतो, आणि त्याबद्दल पॉलिशवाले सहसा बोलत नाहीत. सागवान बाकी लाकडांच्या मानाने शांत आहे, तरी चार इंची फळी आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि ओल्या पावसाळ्यात मिळून अर्धा ते एक मिलिमीटर हलते. प्रत्येक फळी स्वतंत्र हलली तर प्रत्येक सांधीत केसाएवढी फट पडते, कुणाला दिसतही नाही. पण पातळ फिनिश सांध्यांत उतरून फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवतं. मग दहा-बारा फळ्या मिळून एक पाट बनतो, एप्रिलमध्ये तो पाट एकत्रच आकसतो आणि त्याच्या कडेला बोटभर फट उघडते. कधी कधी फळीच मधोमध चिरते. तेलाच्या पॉलिशमध्ये हे क्वचित होतं, वॉटर-बेस्डमध्ये नेहमीचं आहे, आणि जिथे वर्षभरात हवा इतकी बदलते तिथे तर हमखास. उपाय दोन: सांध्यांवर माल तुंबू द्यायचा नाही, आणि पहिला थर अशा सीलरचा द्यायचा जो कडा कमी चिकटवतो. दुकानदाराला 'साइड-बाँडिंग कमी करणारा सीलर' असं स्पष्ट मागा.

याच कारणाने उन्हाळ्यात दिसणाऱ्या फटी लांबीने (पुट्टीने) भरू नका. जुलैत फळ्या फुगतात, त्यांना जागा मिळत नाही, लांबी बाहेर ढकलली जाते किंवा फळीच्या कडा वर उचलल्या जातात. वर्षभर उघडी राहणारी, नाणं आत जाईल अशी फट असेल तर तिथे लाकडाची बारीक पट्टी एकाच बाजूला चिकटवून बसवा.

दिवाळीचा आग्रह

"दिवाळीच्या आधी करून द्या" हे मी दरवर्षी ऐकते, आणि दरवर्षी नाही म्हणते. पाऊस जाऊन पंधरा दिवससुद्धा झालेले नसतात, फळ्यांच्या पोटात ओल असते. खालून ओल आली की फळीच्या कडा उचलल्या जातात, मधला भाग खोल दिसतो. त्या अवस्थेत मशीन फिरवली तर उचललेल्या कडा घासून जमीन सपाट होते, सगळे खूश होतात. मार्चमध्ये लाकूड वाळून मूळ आकारावर येतं आणि तेव्हा कळतं की कडा कापल्या गेल्या आहेत. आता प्रत्येक फळीला मधे उंचवटा आहे. तो घालवायचा तर पुन्हा अख्खी जमीन घासावी लागते.

म्हणून ओल मोजा. सुईचा मॉइश्चर मीटर फार महाग नसतो. आपल्याकडे हिवाळ्यात सागवानात ८ ते १२ टक्के ओल असेल तर काम करण्याजोगं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निरनिराळ्या कोपऱ्यांतले आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. बाथरूमच्या भिंतीलगत १६ आणि बाकी खोलीत १० दिसत असेल तर तो प्रश्न प्लंबरचा आहे, पॉलिशचा नाही. तळमजल्यावर फळ्या थेट चुन्याच्या किंवा सिमेंटच्या कोब्यावर बसवल्या असतील तर एखादी सुटी फळी काढा, खालच्या कोब्यावर दोन फूट पॉलिथिन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून दव जमलं असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त.

आधी काय लावलं होतं?

नव्या फिनिशचं खरं वैर जुन्या मालाशी असतं. आपल्या जुन्या घरांत जमिनीवर काय काय ओतलं गेलंय याची गणती नाही: चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश, मेणाचं पॉलिश, जवसाचं तेल, वाळवी लागू नये म्हणून दरसाल रॉकेल, आणि गेल्या काही वर्षांत सुपर मार्केटमधले चमक आणणारे स्प्रे. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात खोडकर, कारण त्यात सिलिकॉन असू शकतं. ते सहज धुऊन निघत नाही आणि त्याच्यावर वॉटर-बेस्ड माल माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडून बाजूला पळतो.

ओळखायची रीत सोपी आहे. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासा. थर मऊ पडून चिकट झाला तर लाख आहे. पांढऱ्या फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन चोळा. पिवळट-तपकिरी चिकटा निघाला तर मेण. पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा बसून राहिला तर वर अजून काहीतरी शाबूत आहे. जुनं लाकूड तेलाने तुडुंब असेल तर वरवर घासून भागत नाही, ताजं लाकूड लागेपर्यंत जावं लागतं.

सागवानाचं स्वतःचंही तेल असतं. त्यामुळेच ते पाण्यात टिकतं, आणि त्यामुळेच फिनिश कधी कधी त्याला धरत नाही. घासून झाल्यावर, पहिल्या थराच्या थोडं आधी, लाकूड ॲसिटोनने किंवा शुद्ध स्पिरिटने पुसून घेतलं तर वरवरचं तेल निघतं. खिडक्या उघड्या हव्यात, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद हवा. शंका वाटली तर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात मधे द्या. तो तेलालाही अडवतो आणि वरच्या फिनिशलाही धरतो. पण साधा चपडा चालत नाही. किड्याच्या लाखेत नैसर्गिक मेण असतं आणि त्याच्यावर पॉलियुरेथेन सुटतं. दुकानात 'डीवॅक्स्ड' म्हणूनच मागायची.

मी कुठल्याही घरात अख्ख्या खोलीला हात लावायच्या आधी दाराच्या मागे फूटभर जागेवर सगळं करून बघते: घासणं, सीलर, कोट. चार दिवसांनी ब्लेडने फुली मारायची, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढायची. पट्टीसोबत पापुद्रे आले तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो, वाटू द्यावा. त्याच तुकड्यावर रंगाचाही निकाल लागतो. वॉटर-बेस्ड फिनिश पाण्यासारखं स्वच्छ असतं, तेलाच्या पॉलिशसारखा मधाळ पिवळेपणा देत नाही. "ताई, हे तर लावलंच नाही असं दिसून राहिलं," असं म्हणणारे खूप. त्यांना थोडा रंग असलेला सीलर दाखवा. आणि नुकतं घासलेलं सागवान कुठे हिरवट, कुठे काळसर, डागाळ दिसलं तर घाबरू नका, उजेडात ते हळूहळू एकसारखं होतं.

घासणं

सगळ्यात आधी लोखंड. जुन्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. प्रत्येक डोकं पंचने तीन-चार मिलिमीटर आत घाला, वर लाकडी भुशाची लांबी भरा. हे मशीनचा कागद फाटू नये म्हणून तर आहेच, पण दुसरं कारण मोठं आहे: पाणी, लोखंड आणि सागवान एकत्र आले की काळा डाग पडतो. तेलाच्या पॉलिशमध्ये खपून गेलेला खिळा वॉटर-बेस्डमध्ये काळी टिकली होऊन वर येतो. म्हणूनच या कामात स्टील वूल घरात आणायचंच नाही. त्याचे तुटलेले तंतू फळीच्या रंध्रांत अडकतात आणि पहिल्याच कोटात गंजतात.

घासायच्या कागदाचा क्रम ४०, ६०, ८०, १००, शेवटी १२० (आकडा मोठा तितका कागद बारीक). जमीन बरी असेल तर ६० पासून सुरू करा. मधली पायरी गाळायचा मोह होतो, कारण कोरड्या लाकडावर ४० चे ओरखडे ८० ने गेल्यासारखे वाटतात. फिनिश पडलं की ते सगळे उठून दिसतात, विशेषतः खिडकीकडून तिरका उजेड आला की. १२० च्या फार पुढेही जाऊ नका. लाकूड गुळगुळीत होऊन माल धरायला जागा राहत नाही. भिंतीलगतची जागा कडेच्या छोट्या मशीनने त्याच नंबरपर्यंत आणायची, नाही तर खोलीभोवती चौकटीसारखा वेगळा पट्टा दिसतो. ड्रमची मशीन चालू असताना एका जागी थांबली तर खड्डा पडतो. चालत चालत टेकवायची, चालत चालत उचलायची. जुन्या घराच्या वायरिंगवर ही मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला १५ अँपिअरचा पॉइंट तपासायला सांगा. आणि भुशाची पिशवी रात्री घरात ठेवू नका. जुन्या तेलकट पॉलिशचा बारीक भुसा ढिगात आपोआप तापतो आणि पेटू शकतो, ती बाहेर रिकामी करायची.

पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात, जमीन खरखरीत होते. हे टळत नाही, फक्त कधी करायचं ते आपल्या हातात असतं. मी सीलरलाच ते करू देते आणि तो सुकल्यावर २२० च्या कागदाने हलका हात फिरवते. हलका म्हणजे खरंच हलका. जोर लावला की सीलर निघून पुन्हा कोरं लाकूड उघडं पडतं.

मग धूळ. आधी व्हॅक्यूम, खिडकीच्या कठड्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, दाराच्या चौकटीवरसुद्धा. मग किंचित ओलसर मायक्रोफायबर. रंगवाल्यांकडे मिळणारं चिकट फडकं या कामाला नको, त्यातला मेणकट अंश जमिनीवर राहतो. झाडूने तर धूळ फक्त जागा बदलते.

डबा आणि हिशेब

फर्निचरसाठीचं वॉटर-बेस्ड आणि जमिनीसाठीचं वेगळं असतं. डब्यावर 'फ्लोअर' लिहिलेलं नसेल तर परत द्या. जमिनीच्या मालात एक डबा आणि दोन डबे असे दोन प्रकार येतात. दोन डब्यांच्या प्रकारात हार्डनर मिसळावा लागतो, तो पापुद्रा जास्त टणक होतो. ज्या घरात मुलं, कुत्रं, पाहुणे यांची वर्दळ आहे तिथे मी तोच वापरते. पण हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं, बहुतेक मालांना तीन-चार तास मिळतात, गरमीत त्याहून कमी. वेळ उलटल्यावरही माल पातळच दिसतो, त्यामुळे फसायला होतं. लावला तर सुकतो, पण टणक होत नाही. उरलेला मिसळलेला माल झाकण घट्ट लावून ठेवू नका, आत वायू तयार होऊन डबा फुगतो. हार्डनर हाताळताना हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क हवाच, कापडी नाही.

१२ बाय १५ ची खोली म्हणजे १८० चौरस फूट. लिटरला साधारण १०० ते १२५ चौरस फूट धरा, म्हणजे कोटाला दीड-पावणेदोन लिटर. तीन कोटांना पाच लिटर, रोलर-ट्रेमध्ये जाणारा धरून सहा. दोनच लिटरमध्ये तीन कोट बसवून दाखवणारा पॉलिशवाला पैसे वाचवत नसतो.

डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की आत हजारो फुगे तयार होतात आणि ते सगळे जमिनीवर येतात. मॅट किंवा सॅटिन मालात चमक कमी करणारी पूड तळाशी बसते, चपट्या पट्टीने तळापासून वर आणत हळू ढवळा, आणि प्रत्येक वेळी ओतताना पुन्हा. नाही तर खोलीची पहिली बाजू चकचकीत, शेवटची मातकट. ओतताना नायलॉनच्या जाळीतून गाळा. आणि थिनर? आपल्याकडच्या कारागिराचा हात सवयीने थिनरच्या डब्याकडे जातोच. या मालात थिनर घातला की तो फाटतो, गुठळ्या होतात. पातळ करायची परवानगी कंपनीने दिली असेल तरच, आणि तीही पाण्याने, सांगितली तेवढीच.

हात मारणं

पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावा, नाही तर उन्हाची तिरीप जिथे पडते तेवढी पट्टी वेगळी सुकते. पंखे बंद. स्वच्छ सुती मोजे पायात. उजेड खिडकीतून समोर येईल असं उभं राहा म्हणजे सुटलेली जागा चमकण्याच्या फरकावरून दिसते. सुरुवात दारापासून लांबच्या भिंतीकडून, शेवट दाराशी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी एखादा कोपऱ्यात अडकतोच.

बारीक लवेचा मायक्रोफायबर रोलर किंवा टी-बार (लांब दांड्याला आडवी पट्टी असलेलं, माल ओढत न्यायचं अवजार), दोन्ही चालतात. नवा रोलर आधी चिकटपट्टीने झाडून घ्या, त्याची सुटी लव निघून जाते. कडेला ब्रशने फक्त पुढच्या चार-पाच फुटांपुरतंच लावा. आधी सगळी खोली ब्रशने चौकट मारून घेतली आणि मग मधे रोलर फिरवला, तर कडा सुकलेल्या असतात आणि फोटोच्या फ्रेमसारखी रेघ कायमची राहते. फळ्यांच्या लांबीने चाला. टी-बार असेल तर मालाची एक धार ओता आणि बार किंचित तिरका धरून ती धार ओढत न्या, वळताना थांबू नका, पुढचा पट्टा मागच्याच्या ओल्या कडेवर चढवा. जोडीने काम केलं तर बरं, एक ब्रशवर आणि एक टी-बारवर.

ओली कड. हा सगळा खेळ तिचा आहे. तीन-चार मिनिटांपूर्वीच्या जागेवर परत जाऊन 'जरा नीट' करायची इच्छा दाबायला शिका. माल ओढला जायला लागला असेल तेव्हा ब्रश फिरवला की तिथे ओरखडा राहतो. सुटलेला डाग पुढच्या कोटात जातो, ओढलेला जात नाही. फोन बाहेर ठेवा. कोट सुरू असताना दारावरची बेल वाजली तरी उठू नका.

फार जाड थर एकदाच देऊन काम उरकू बघणारेही आहेत. जाड थर वरून सुकतो, खाली ओला राहतो, मग सुरकुत्या, फुगे, दुधाळपणा, आणि सांध्यांत तुंबलेला माल. फार पातळ ताणला तर रोलरच्या रेघा. माल जमिनीवर स्वतःहून सपाट व्हायला पुरेसा हवा, तेवढाच.

कोट झाल्यावर माझ्या हाताखालचा पोरगा लगेच विचारतो, "पंखा लावून देऊ का ताई, लवकर सुकते." पहिला अर्धा-एक तास नाही. वारा वरची कातडी बांधतो आणि फुगे आत अडकतात. त्यानंतर पंखा छताकडे तोंड करून हवा खेळती ठेवली तर चालतं. दोन-तीन तासांनी कोपऱ्यात २२० चा कागद घासून बघा. पांढरी कोरडी पूड निघाली तर पुढचा कोट. कागदाला गोळ्या चिकटल्या तर थांबा. बहुतेक मालांत त्याच दिवशी दुसरा कोट न घासता चालतो, रात्र मधे गेली तर हलकं घासून घ्यावं लागतं. नेमका नियम डब्यावर असतो, तो वाचायचा. शेवटच्या कोटाआधी मात्र मी मरून रंगाच्या नायलॉन पॅडने सगळी जमीन एकदा हलकी फिरवून घेतेच. शेवटचा कोट झाल्यावर काही घासायचं नाही. सीलर आणि वर तीन कोट, दिवाणखान्याला एवढं हवंच. झोपायच्या खोलीला दोन पुरतात.

बिघडलं तर

खड्डे-खड्डे पडले तर ओल्यातच भरायचा प्रयत्न करू नका, अजून माल घातला की खड्डे मोठे होतात. सुकू द्या, घासा, स्पिरिटने पुसा, डीवॅक्स्ड लाखेचा हात द्या. फुगे सुकून घट्ट झाले असतील तर २२० ने कापा आणि पुढचा कोट पातळ, सावकाश. खोलीभर दुधाळपणा आला आणि तो पावसाळी दिवसातला असेल तर आधी दोन-तीन दिवस कोरडी हवा मिळू द्या, कधी कधी आपोआप विरतो. तसाच राहिला तर ओल आत कोंडली गेली आहे, घासून काढण्याशिवाय इलाज नाही. सांध्यांवर बारीक पांढऱ्या रेषा उन्हाळ्यात दिसल्या तर फळ्या आकसून पापुद्रा ताणला गेलाय. पावसाळ्यात त्या बहुधा मिटतात, त्यासाठी जमीन उखडू नका. सोलून निघणाऱ्या पापुद्र्याचं कारण जवळपास नेहमी एकच, खाली मेण, तेल किंवा न घासलेला कोट. वरून कितीही लावा, धरणार नाही.

नंतरचे पंधरा दिवस, आणि पुढची वर्षं

दुसऱ्या दिवसापासून मोज्यांनी चालता येतं. फर्निचर तीन दिवसांनी, उचलून, ओढत नाही. सतरंज्या, गालिचे आणि ओलं पुसणं निदान एक आठवडा, जमल्यास दोन आठवडे नाही. पापुद्रा दिसायला सुकला तरी आतून टणक व्हायला तेवढा वेळ घेतो. रबरी पाठीच्या चटया कायमच्याच नकोत, त्यांच्या रसायनाने खालचा रंग बदलतो. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा.

आपल्याकडे खरा शत्रू बादली आहे. कामाला येणाऱ्या मावशी फिनेलच्या पाण्यात पोछा बुडवून, अर्धा पिळून, अख्खं घर पुसतात, आणि त्यांचा काही दोष नाही, बाकी घराला तेच लागतं. त्यांना पहिल्याच दिवशी वेगळं फडकं द्या आणि दाखवा: रोज कोरडं, आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर. रांगोळी पूड दगडाची असते, पायाखाली ती काचपेपरचं काम करते. लाकडावर काढायचीच असेल तर पाटावर काढा. समईखाली ताट ठेवा. हळदी-कुंकवाला हळद सांडली तर लगेच ओल्या फडक्याने टिपा. पिवळा डाग राहिलाच तर त्याला उन्हात येऊ द्या, हळदीचा रंग उजेडात फिका पडतो.

चार-पाच वर्षांनी, वर्दळीच्या वाटेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. मण्यासारखा उभा राहिला तर काही करू नका. पसरून मंद झाला पण लाकूड गडद झालं नाही, तर हीच वेळ: मेण नाही ना हे तपासायचं, १५० नंबरच्या घासायच्या जाळीने वरचा पापुद्रा हलका घासायचा, धूळ काढायची आणि एक कोट. एका दिवसाचं काम. थेंब आत मुरून लाकूड काळपट झालं तर पापुद्रा संपलेला आहे, तिथे नुसता कोट धरणार नाही, आणि पुन्हा ४० च्या कागदापासून सुरुवात. त्या कोटासाठी मालाचं नाव, चमक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आजच स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, पुढचा पॉलिशवाला सगळ्यात आधी तेच विचारेल.